बिल युद्ध संपल्यावर

दाऊदचाचांचे किस्से मी मुद्दाम गोळा करत नाही हो! पण इथं आखातात, अदलिया भागातल्या त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात दर शुक्रवारी चहाला बसलं, की एखादा पदरात पडतोच. चाचा रत्नागिरीचे, मी पुण्याचा. तरीही आमचं जमतं, यातच सगळं आलं!

*

सीफ भागातल्या ऑफिसातला एक मॅनेजर धावतपळत आला. "बंद पडलंय. अर्जंट! यल्ला, लवकर!"

चाचांनी घड्याळाला चावी दिली आणि परत केलं. "खलास!"

"झालं काय होतं?"

"उपाशी होतं बिचारं!"

*

मी नवं स्मार्टवॉच मोठ्या ऐटीत दाखवलं. चाचांनी विचारलं, "रोज चार्जिंगला लावतोस?"

"लावावंच लागतं."

"मग हे तुझी सेवा करतं की तू याची?"

घ्या! पुणेकरानं गुपचूप बाही खाली ओढली!

*

माहूज भागात राहणारे इंग्रज पीटरसाहेब ऐंशीच्या घरातले. वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन आले. वडील लष्करात अधिकारी, दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या हाती सापडले. पहारेकऱ्यांनी घड्याळ काढून घेतलं. तेव्हा वडिलांनी कैद्यांच्या छावणीतून थेट स्वित्झर्लंडच्या घड्याळ कंपनीला पत्र लिहिलं, आणि कंपनीनं खरंच नवं घड्याळ पाठवलं! सोबत निरोप: पैसे युद्ध संपल्यावर द्या.

चाचांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "कैद्याला उधार? म्हणजे तू जिवंत परतणार, असं लिहूनच दिलं की त्यांनी!"

"बाबा हेच घालून घरी आले," साहेब म्हणाले. "पुढच्या आठवड्यात माझी बायपास आहे. मलाही हेच घालून घरी यायचंय."

आतली बारीकशी दांडी मोडलेली, आणि तो पार्ट कुठेच मिळेना. चाचांनी चार दिवस खपून ती हातानं घडवली! तेही म्हातारपणी!

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी साहेबांनी बिल विचारलं.

"युद्ध संपल्यावर!" चाचा म्हणाले.

*

दोन महिन्यांनी साहेब आले. वाळले होते, पण स्वतःच्या पायांनी आले. घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. "युद्ध संपलं, दाऊद. आता बिल दे."

चाचांनी घड्याळ कानाला लावलं. भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"छे, छे! मागं पडतंय. काम अपुरं आहे माझं. पुढच्या वर्षी दाखवायला आणा, तेव्हा बघू बिलाचं."

मी हळूच माझा मोबाईल त्या घड्याळाशेजारी धरला. मिनिटाचाही फरक नव्हता!