एका डोळ्याचं रडं

फरगाना खोऱ्यातल्या एका वैद्यकीय कॉलेजात तुर्सुनपुलात दोमला, म्हणजे गुरुजी, शरीररचना शिकवायचे. चेहऱ्याची नस हा त्यांचा हुकमी विषय. गालावर पंजा पसरून ते सांगत, "कानामागून निघते, गालातल्या लाळग्रंथीतून जाते, तिला मात्र दमडी देत नाही. पुढे पाच फाटे: कपाळ, डोळा, गाल, जबडा, मान." विद्यार्थ्यांसमोर त्यांची स्वतःची ही नस कधी हललेली कुणी पाहिली नाही. कॉलेजचे प्रमुख, रेक्टरसाहेब, दिसले की मात्र पाचही फाटे एकदम हसायच्या कामाला लागत.

एका सकाळी चहा त्यांच्या ओठातून सदऱ्यावर गळाला. "अहो, डावं तोंड कुठं ठेवून आलात?" बायको, हुर्मतखोन, किंचाळलीच.

डॉक्टर त्यांचाच जुना विद्यार्थी. म्हणाला, "कपाळाला आठ्या घाला." डावीकडे एकही पडेना. "मग मेंदूचा झटका नाही. त्यात कपाळ वाचतं. ही नसच सुजलीये."

"गाढवा, हे तुला मीच शिकवलंय!"

"तुमच्या लक्षात आहे का, ते बघत होतो, दोमला."

काही महिन्यांनी तोंड बरंचसं सरळ झालं. पण नसेचे धागे पुन्हा वाढताना वाट चुकले. जबड्याखालच्या लाळग्रंथीकडे निघालेले अश्रूंच्या ग्रंथीला जाऊन चिकटले. घास तोंडात गेला की डावा डोळा वाहायला लागे.

त्याच सुमारास रेक्टरांची आई वारली. मयताच्या पुलावाला दोमला बसले, पहिला घास घेतला आणि धार लागली.

रेक्टर गहिवरले. "माझ्या भावांचे डोळे कोरडे, आणि हा परका माणूस बघा!"

दोमलांनी आणखी पुलाव मागून घेतला. विभागप्रमुखपदावर वर्षानुवर्षं डोळा ठेवून असलेल्या शोइरा आपा शेजारच्या बाईला म्हणाल्या, "मांसाचा तुकडा मोठा आला की दुःखही मोठं होतंय, बघितलंस?"

महिन्याभरात दोमला विभागप्रमुख झाले. त्यानंतर प्रत्येक मयताला त्यांना मानानं पुढे बसवत, आणि तेही पोटभर रडून येत.

मग रेक्टरांची खुर्ची गेली. नव्या साहेबांच्या स्वागताची मेजवानी ठरली. दोमलांनी उपाशी राहायचं पक्कं केलं. पण नवे साहेब मोकळ्या मनाचे. त्यांनी रिवाजाप्रमाणे स्वतःच्या हातानं पुलावाचा घास दोमलांच्या तोंडात कोंबला. डोळा भरभरून वाहिला.

"जुन्या मालकांची फार आठवण येतेय वाटतं?"

"नाही हो साहेब! ही नस... म्हणजे लाळ गळायची, तिथं माझे अश्रू..."

"तुमची लाळ कुणाकुणासमोर गळते ते कानावर आलंय आमच्या," साहेब म्हणाले आणि पुढच्या पाहुण्याकडे वळले.

शोइरा आपा विभागप्रमुख झाल्या. दोमला पुन्हा पहिल्या वर्षाला शिकवू लागले. आता मयताला त्यांना कुणी पुढे बसवत नाही. ते घरीच जेवतात. परवा पहिल्याच घासाला डोळा भरला, तशी हुर्मतखोननं रश्श्याचा वाडगा त्यांच्या हनुवटीखाली सरकवला.

"रडा सावकाश. आज शोरव्यात मीठ कमी पडलंय."