चटईवरच्या लवंगा

इंडोनेशियाच्या मध्य सुलावेसी प्रांतात रस्त्याकडेला चटया अंथरून लवंगा वाळवतात आणि गाड्या त्यांना वळसा घालून जातात. नियम वगैरे काही नाही, जातात, एवढंच.

निकेलच्या नव्या कारखान्याची जागा बघायला आम्ही गुंतवणूकदार निघालो होतो. समोरून ट्रक आला, तसा आमचा ड्रायव्हर चटईपाशी थांबला. "ट्रक जाऊ दे साहेब, लवंगा आहेत."

"चल रे, पाहुण्यांना उशीर होतोय," सोबतचा सरकारी अधिकारी म्हणाला. समोरच्या घरातली बाई धावत आली, तोवर चाकं चटईवरून गेली होती.

गाडीभर वास दरवळला. "वा, काय सुगंध!" मागून कुणीतरी म्हणालं. इथे पैसा येईल, रस्ता रुंद होईल, हे मलाही पटतं. पण वळसा घालायची फुरसत तेव्हा कुणाला असेल?

ड्रायव्हरने काच वर केली. वास आतच राहिला.