अक्कांचं औषध नाना घेतात

सुपडू नाना घरात आलेलं कोणतंही औषध आधी स्वतः घेत. नातवाचं जंताचं औषध, शेजारणीचा खोकल्याचा काढा, एकदा तर भावाच्या म्हशीसाठी आणलेलं कॅल्शियम. चव, वास आणि परिणाम निळ्या शाईने वहीत उतरले की मगच बाटली ज्याची त्याला मिळे. म्हशीच्या कॅल्शियमपुढे त्यांनी लिहिलं होतं, ‘गोड आहे. दूध वाढले नाही.’

नाना गेले त्याला आता वर्ष होईल. जळगावच्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते आणि मी तिथला प्राध्यापक. म्हणजे पगार मला जास्त होता आणि रसायन त्यांना जास्त येत होतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझा एक प्रयोग फसला. मी घाईघाईने आम्लही बदललं आणि गाळणकागदही. नानांनी शांतपणे सगळं बेसिनमध्ये ओतून दिलं. “सर, एका टायमाले एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तं कोनामुळे काय झालं, ते देवालेबी सांगता येत नही.” हे वाक्य मी पुढे कित्येक वर्षं वर्गात प्रमाण मराठीत, माझं म्हणून वापरलं.

नाना निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी त्यांच्या बायकोला, म्हणजे अक्कांना, डाव्या बरगडीवर नागीण झाली. फोड सुकले, दुखणं राहिलं. कपडा नुसता टेकला तरी चटका बसल्यासारखं व्हायचं. ब्लाउज अंगात घालणं अशक्य झालं आणि अक्का ढगळ गाऊनवर आल्या. गाऊनवर बाहेर पडणं त्यांना मान्य नव्हतं, त्यामुळे दीड वर्ष त्या घराबाहेर पडल्या नाहीत. त्यातच पारोळ्याहून त्यांच्या भावाने मुलीच्या लग्नाची तारीख कळवली. भाची अक्कांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. अक्का पत्रिका उशीजवळ ठेवून म्हणाल्या, “गाऊन घालीसन लगीनले जाऊ का मी?” माहेर पारोळ्याचं असल्याने त्या अहिराणी बोलत, नाना जळगावजवळच्या असोद्याची लेवा बोली. चाळीस वर्षं दोघांनी आपापली भाषा सोडली नव्हती आणि भांडण मात्र दोन्हीकडे नीट पोचत असे.

एका वैद्यांनी सीबीडीचं तेल लिहून दिलं. भांगेच्याच जातीच्या झाडाचं. कुरियर आलं तशी गल्लीतली चार माणसं नुसतीच येऊन बसली. त्यांना नानांनी समजावलं, “नशा करनारं द्रव्य येगळं, हे येगळं. एका घरातले दोन भाऊ आहे. एक दारू पेतो, एक भजनाले जातो. बाटलीत भजनवाला आहे.” माणसं चहा घेऊन निराश होऊन गेली.

नानांनी आधी ड्रॉपर तपासला. एका मिलिलिटरमध्ये किती थेंब, हे कागदावर एक लिहिलं होतं आणि त्यांच्या सिरिंजमध्ये दुसरंच निघालं. “ड्रॉपर खोटं बोलू रायला,” ते म्हणाले. मग स्वतःवर प्रयोग सुरू झाला. रोज पहाटे, उपाशीपोटी, जिभेखाली, एक मिनिट तोंड बंद. वहीत नोंदी अशा: ‘चार थेंब. परिणाम नाही.’ ‘सहा थेंब. झोप नेहमीइतकी. आनंद नेहमीइतका.’ ‘दहा थेंब. राग आला. नळाला पाणी नव्हते.’ दर चार दिवसांनी दोन थेंब वाढत गेले. महिना उलटला. अक्का आतल्या खोलीत कुशीवर पडून हे सगळं ऐकत होत्या.

सोळा थेंबांवर असताना असोद्याला नानांच्या भावाच्या शेतात भरिताचा बेत ठरला. मी नानांना मोटरसायकलवर घेऊन गेलो. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली गेली, ठेचली गेली आणि भरितावर बोटभर तेल आलं. त्या दिवशी पहाटे थेंब घ्यायचे राहिले होते, म्हणून नानांनी ते भरिताच्या दुसऱ्या वाढपानंतर घेतले. तासाभराने ते बोलता बोलता थांबले. घास हातात, डोळे मिटलेले. कोणी म्हणालं विचार करत असतील. मग ते घोरायला लागले. येताना मी त्यांना गळ्यात टाकायच्या दोन मोठ्या बागायतदार रुमालांनी माझ्या पाठीला बांधून आणलं. रस्त्यात ओळखीची तीन माणसं भेटली. तिघांनाही मी नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना लग्नघरी आल्यासारखे खूश होते. “जेवनातल्या तेलानं त्याले आत ओढून नेलं, सर! थेंब तेवढेच, फक्त पोट भरेल होतं! आता जेवनासंगं पहिल्यापासून करतो.” पहिल्यापासून म्हणजे आणखी एक महिना. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. एका हाताने गाऊन बरगडीपासून लांब धरलेला.

“तुमले काहीच दुखत नही,” त्या म्हणाल्या. “मंग तुमले गुन काय दिसी? दुखस माले, आनि औषध घेतस तुम्ही!”

नानांनी वही मिटली. मीही खाली पाहिलं, कारण रसायनशास्त्राची पदवी माझ्याकडे होती आणि ही गोष्ट मलाही सुचली नव्हती. अक्का आत गेल्यावर नाना हळू आवाजात बोलले. “दुखन्याच्या मागच्या गोळ्या तिले मीच देल्या होत्या, सर. त्यानं चक्कर आली, मोरीत पडली, मनगट मोडलं. तो आवाज मी आयकला. मले भ्याव वाटू रायलं.” इतके दिवस मी ज्याला शिस्त समजत होतो, ती भीती होती. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. मी दोन्ही केलं नाही. डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी अक्कांच्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडल्या. झोपेची एक कमी केली, कारण ती आणि हे तेल मिळून पुन्हा चक्कर आली असती. यकृताची रक्ततपासणी सांगितली. दोन थेंबांपासून सुरुवात, रोज संध्याकाळच्या जेवणासोबतच, आणि वाढवायचे ते सावकाश. गुण येईलच असं नाही, हेही सांगितलं. नानांची वही त्यांनी नळाच्या पाण्यापर्यंत वाचली आणि परत दिली.

त्या रात्रीपासून थेंब अक्कांनी घेतले. पहिले दहा दिवस काही नाही. मग एकदा सलग चार तास झोप. “दुखस,” त्या म्हणाल्या, “पन दुखनं आते वरडत नही.” लग्नाच्या आठ दिवस आधी त्यांनी ब्लाउज घातला आणि वीस मिनिटांत काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला. आदल्या दिवसापर्यंत मजल अडीच तासांवर गेली.

पारोळ्याला अक्का हिरव्या साडीत उतरल्या. भावाने बहिणीला पाहिलं आणि तोंड फिरवून मांडववाल्यावर ओरडायला सुरुवात केली. पाहुण्यांनी नानांना औषधाचं नाव आणि थेंब विचारले. “तिचे थेंब तिचे आहे. तुमचे डॉक्टरले इचारा,” एवढंच ते म्हणत होते. त्यांचा एक डोळा घड्याळावर होता. अडीच तास भरले तेव्हा पाठवणी सुरूच झाली होती. अक्कांच्या कपाळावर घाम आला. नाना जवळ जाऊन म्हणाले, “चाल, आत जाऊन बदल.”

“आते दुखू द्या,” अक्का म्हणाल्या. “पोर चालनी.”

भाची आली आणि आत्याच्या गळ्यात पडली. नेमकी डाव्या बाजूला, पूर्ण भाराने. नाना तिला बाजूला करायला हात पुढे करून धावले. अक्कांनी मुलीच्या खांद्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवून नाही म्हटलं आणि तिला आणखी घट्ट धरलं. नानांचा हात तसाच हवेत राहिला. मग तो हात त्यांनी भाचीच्या डोक्यावर ठेवला, आणि अक्कांच्या आधी तेच रडायला लागले.