बसमध्ये मोठ्यानं सांगितलेली गोष्ट

चाकणच्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये एक जुने ऑपरेटर काळेवाडीला चढतात आणि माझ्या शेजारी बसतात. सगळी नोकरी प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात झाल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. घरची भाजी असो की स्वतःची मूळव्याध, सगळं एकाच पट्टीत सांगतात. मला कायम अवघडल्यासारखं व्हायचं.

एकदा नुकतंच लग्न झालेला एक फिटर मोबाइलवर मर्दानी ताकदीच्या चूर्णाची जाहिरात बघताना सापडला. बसभर हशा पिकला. तो बिचारा खाली मान घालून बसला. तेव्हा माझ्या शेजारचे हे ऑपरेटर उठून उभे राहिले.

"हसता काय राव? मलाही असला त्रास झालाय. सगळं जमायचं, पण वीर्यच पडायचं नाही. नुसता घामाघूम व्हायचो. बायकोला वाटायचं, आता ती मला आवडत नाही. शेवटी दोघं मिळून पिंपळे सौदागरला डॉक्टरकडं गेलो. मन उदास असायचं म्हणून गोळ्या चालू होत्या, त्यांचाच परिणाम निघाला. डॉक्टरनं गोळी बदलली. आता बायको खूश, मीपण खूश!" मग फिटरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भावा, चूर्ण नको. डॉक्टरला विचार. लाज कसली?"

पुढं ड्रायव्हरनं गाणं बंद केलं आणि तो मागं वळून म्हणाला,

"भाऊ, त्या डॉक्टरचा पत्ता द्या की."

"उतरल्यावर देतो," ते ओरडले, "आधी समोर बघून गाडी चालव!"

गेटवर उतरल्यावर त्यांच्याभोवती चांगलाच घोळका जमला. त्यात मीही होतो.