गल्लीचं नाव

कॅनडातल्या वॉटर्लूच्या लायब्ररीत मी कामाला होते तेव्हा एक म्हातारे गृहस्थ रोज यायचे. बर्फाने ओला झालेला कोट शेजारच्या खुर्चीवर पसरायचे, म्हणून मी त्यांना रोज टोकायचे. "सॉरी, डिअर," म्हणून ते कॉम्प्युटरवर आपल्या इंग्लिश आडनावाचं मूळ शोधत बसायचे. त्यांचे वडील लहानपणी इंग्लंडच्या अनाथाश्रमातून कॅनडात आलेले. तिकडे कुणी नातलग सापडेल, एवढीच आशा.

एकदा त्यांनी कॉम्प्युटर सुरूच केला नाही. आश्रमाकडून कळलं होतं की तान्हे वडील ज्या गल्लीत सापडले, तिचंच नाव त्यांना आडनाव म्हणून दिलं होतं.

"आमचीही आडनावं गावावरूनच पडतात," मी समजूत घातली.

"तुमची माणसं त्या गावात राहिली," ते म्हणाले. "माझी त्या गल्लीत बाळ ठेवून निघून गेली."

त्यानंतर ती खुर्ची कोरडीच राहिली.