लाल गाडी आणि झीताची पेटी

मोन्तेरावो गावातली प्रत्येक नवरी लेआर्कोच्या लाल गाडीतून चर्चला जायची. बुटकी, बिनछपराची, दोनच माणसांची जुनी स्पायडर मोटार. जन्मभर घाटात बस चालवलेल्या लेआर्कोचा तिच्यावर भारी जीव. पावसाचा थेंब तिला लागू द्यायचा नाही. सगळा हिवाळा बाईसाहेब चादरीखाली झोपलेल्या.

त्याची बायको झीता गावची सुईण. तिच्याकडे पांडा होती, चौकोनी, चारही चाकांनी चढ ओढणारी छोटी गाडी. चिखल असो, बर्फ असो, मेंढ्यांची वाट असो, ती जायचीच. बाळंतिणींच्या घरून मिळालेल्या चीजचा वास तिला कायमचा चिकटलेला. लेआर्को तिला पेटी म्हणायचा.

"माझी गाते, तुझी खोकते," तो चिडवायचा.

"तुझ्या गाडीतून पोरी लग्नाला जातात," झीता म्हणायची. "पुढचं सगळं माझी पेटी निस्तरते."

लेआर्कोची एकच हौस उरली होती, आपल्या लेकीला, ओरियानाला, लाल गाडीतून चर्चला न्यायचं. लग्नाआधी आठवडाभर त्याने गाडी घासली, पुसली, पांढऱ्या रिबिनी बांधल्या. त्या सकाळी सगळं गाव दारात उभं होतं. ओरियाना पांढरा झगा सावरत बाहेर आली आणि थेट पांडाकडे गेली.

"बाबा, मी हिच्यातून जाणार."

लेआर्कोचं तोंड एवढंसं झालं. "अगं, गावाच्या पोरी नेल्या मी. आणि माझीच पोर या खोक्यातून? लोक हसतील!"

"हसू देत. मी जन्मले कुठं?"

लेआर्कोने पेटीच्या मागच्या सीटकडे पाहिलं. ओरियाना जन्मली त्या जानेवारीत घाट बर्फाने भरला होता. लाल गाडी चादरीखाली होती आणि झीताला कळा सुरू झाल्या होत्या. पेटी तेवढी वाट कापत निघाली, पण पोरीला दवाखान्यापर्यंत दम निघेना. वळणावर लेआर्कोने गाडी थांबवली. मागच्या सीटवरून झीताच कण्हत हुकूम सोडत होती, "रडतोस काय, टॉवेल दे!"

"मला पहिल्यांदा उचललं ते तू, याच गाडीत," ओरियाना म्हणाली. "आज तूच चालव."

लेआर्कोने लाल गाडीच्या रिबिनी सोडल्या आणि आपल्या हातांनी पेटीला बांधल्या. झीताने त्याच्या खिशातून लाल गाडीची किल्ली काढून घेतली. "चला, एकदाची गाणारी मिळाली मला!"

चर्चला जाताना त्या वळणावर आल्यावर लेआर्कोला पुढे जाववेना. त्याने गाडी बाजूला घेतली आणि जिची इतकी वर्षं टिंगल केली तिच्या स्टिअरिंगवर हात ठेवला.

"फार उपकार आहेत गं तुझे," तो म्हणाला आणि रडू लागला. ओरियानाने आपल्या ओढणीने त्याचे डोळे पुसले.

मागून भोंगा वाजला. झीता लाल गाडीत उभी राहून ओरडत होती, "काय रे, थांबलास का? आणखी एक झालं की काय?"

"नाही गं!" लेआर्को खिडकीतून ओरडला. "तेच आहे! बघ तरी, केवढं मोठं झालंय!"