तळ्याच्या पोटातलं गवत

माझ्यात धीर म्हणून नाही, हे दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, जुनंच म्हणणं. मी शहरात, गारखेड्यात राहते, नोकरी करते, गावाकडची कामं एका रविवारात उरकते. दादा चितेगावच्या पुढं शेतात राहतात. दहा-बारा मेंढरं आणि ओढ्याला बांध घालून केलेलं एक तळं, एवढा त्यांचा पसारा.

दोन वर्षांमागं त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. "डोळा मोकळा झाला की आधी तळ्याचा तळ बघायचा," एवढंच म्हणाले. मग काय, ते दवाखान्यात असताना मी दोन बाया लावल्या आणि पाण्याखालचं सगळं गवत मुळासकट उपटून टाकलं. तळ नीट दिसावा म्हणून. दादांना विचारलंसुद्धा नाही.

ते आले तेव्हा तळ्याचा चहा झाला होता. ओढ्याचं पाणी थेट आत घुसत होतं आणि बुडाची माती उठवत होतं. मेंढरं काठापर्यंत गेली आणि तोंड न लावता माघारी फिरली. मेंढरू गढूळ पाणी पीत नाही, हे मला, धनगराच्या पोरीला, ठाऊक नसावं? मला रडूच आलं.

दादा रागावले नाहीत. म्हणाले, "पाणी पळत येतं, माय. गवतात शिरलं की दमतं. दमलं की माती खाली बसती, अन् मुळं तिला धरून ठिवत्यात. तळ त्या गवतामुळंच दिसायचा." मग हसून, "लई शिकलीस तू."

त्यांना पाण्यात उतरायला बंदी, वजन उचलायला बंदी. काळा चष्मा लावून ते काठावर बसायचे आणि मी जवळच्या धरणाकाठून आणलेले गवताचे झुबके चिखलात रोवायची. दाट लाव, पायानं दाब, त्यांचं चालूच. मेंढरांसाठी रोज सकाळी नोकरीआधी स्कूटीवर येऊन विहिरीतून बादल्या ओढल्या. हातांना घट्टे पडले.

चार-पाच महिन्यांनी पाणी निवळलं. मेंढरं प्यायला लागली. दादांनी मला हात धरून बांधावर नेलं आणि गवताच्या मधल्या मोकळ्या जागेत बोट दाखवलं. तळाशी एक चपटा दगड होता. बांध घालायच्या आधी आई त्या दगडावर धुणं धुवायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

"हाय तिथंच," दादा म्हणाले.

तळ कशाला बघायचाय, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.